चिपच्या पोटातली नाणेफेक

सोळा वेळा नाणं उडवलं आणि सोळाही वेळा छापाच पडला, तर कुणीही नाणं हातात घेऊन दोन्ही बाजू तपासून बघेल. छापा, काटा, काटा, छापा, काटा असा वेडावाकडा क्रम आला तर मात्र कुणाला काही खटकत नाही. हिशेबाने पाहिलं तर सोळांचा कोणताही ठरावीक क्रम पडण्याची शक्यता सारखीच आहे, ६५,५३६ मध्ये एक. नुसत्या क्रमाकडे बघून नाणं खरं की खोटं हे ठामपणे सांगता येत नाही. ते कुणी उडवलं, कसं उडवलं, हे माहीत असावं लागतं. कॉम्प्युटरमधल्या यादृच्छिक संख्या, म्हणजे ज्यांना आपण सहसा रँडम नंबर म्हणतो, त्यांची सगळी गोष्ट याच एका अडचणीभोवती फिरते.

या संख्या लागतात कुठे? एखाद्या सुरक्षित संकेतस्थळाशी ब्राउझर बोलू लागतो तेव्हा दोन्ही बाजू सुरुवातीलाच एकेक गुप्त संख्या मनाशी धरतात, आणि त्यांतून पुढच्या संभाषणाची ‘की’, म्हणजे कुलपाची गुप्त किल्ली, तयार होते. मेसेज पाठवणं असो, चिपचं कार्ड असो, सॉफ्टवेअरवरची डिजिटल सही असो, सगळीकडे असंच काहीतरी चालू असतं. एन्क्रिप्शनची, म्हणजे मजकूर कुलूपबंद करण्याची, गणितं जगजाहीर असतात, कुणीही ती वाचू शकतो. लपवलेली असते ती फक्त ही संख्या. बिट म्हणजे एक शून्य किंवा एक एक, आणि २५६ बिटांची की म्हणजे २५६ वेळा नाणं उडवून टिपून ठेवलेला क्रम. असे क्रम किती, हे लिहायला ७८ आकडे लागतात. एकेक करून तपासत बसणं कुणालाच शक्य नाही. पण की निवडणाऱ्याने नाणं न उडवता दुसरंच काही केलं असेल, तर हल्लेखोराला गणित फोडायची गरजच उरत नाही. निवडणाऱ्याच्या सवयी ओळखल्या की झालं.

आणि कॉम्प्युटर म्हणजे नुसत्या सवयी. तीच माहिती, त्याच सूचना दिल्या की तेच उत्तर, दर वेळी. बनवलाच त्यासाठी आहे. त्याला नाणं उडवायला सांगितलं तर तो सूत्र चालवतो. सुरुवातीची एक संख्या घ्यायची, तिला सीड म्हणतात. ती गुणायची, घुसळायची, आणि त्यातून दिसायला अगदी बेशिस्त अशी आकड्यांची रांग काढायची. रांग कितीही लांब असली तरी पेरावं तसं उगवतं: सीड तेच, तर रांगही तीच. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९५१ सालीच बजावलं होतं की अंकगणितातून यादृच्छिक आकडे काढू पाहणारा माणूस पाप करतो आहे.

त्या पापाची फळं पुढे अनेकांनी भोगली. १९९५ मध्ये बर्कलीच्या इयान गोल्डबर्ग आणि डेव्हिड वॅग्नर या दोन विद्यार्थ्यांनी नेटस्केप ब्राउझरची की निवडण्याची पद्धत उलगडली. सीड तयार होत होतं ते त्या क्षणाची वेळ आणि चालू प्रोग्रामचे क्रमांक यांपासून. वेळ साधारण कुणालाही माहीत असते, प्रोग्रामचे क्रमांक मोजकेच असतात. १२८ बिटांचं कुलूप, पण त्याची किल्ली उंबऱ्याशीच ठेवलेली. डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००६ साली त्याहून वाईट घडलं. मेमरी तपासणाऱ्या साधनाच्या इशाऱ्यांना कंटाळून ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमधल्या ओळी काढून टाकल्या गेल्या आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ सगळी अनिश्चितताही गेली. उरला फक्त प्रोग्रामचा क्रमांक, म्हणजे जास्तीत जास्त ३२,७६८ शक्यता. हे उघडकीला यायला मे २००८ उजाडला. तोपर्यंत त्या यंत्रांवर तयार झालेल्या की दिसायला इतर कुठल्याही कीसारख्याच होत्या. मला या प्रकरणात हीच गोष्ट सगळ्यात अस्वस्थ करते: काहीही बिघडलेलं दिसत नव्हतं.

सूत्र कितीही उत्तम असलं तरी सीड कुठून तरी बाहेरून यायला हवं. जिथे सूचना आणि उत्तर यांचं राज्य संपतं आणि पदार्थविज्ञान सुरू होतं, अशा जागेतून. लिनक्ससाठी १९९४ मध्ये थिओडोर त्सो यांनी केलेली व्यवस्था या वाटेवरची होती. कीबोर्डवरची कळ नेमकी कधी दाबली गेली, डिस्कने उत्तर द्यायला किती वेळ घेतला, असल्या घटनांच्या वेळा अगदी बारीक मोजायच्या, त्यांचे शेवटचे थरथरते आकडे एका साठ्यात टाकायचे आणि ढवळत राहायचं. माणूस समोर बसलेला असेल तर हे छान चालतं. पण बंद खोलीतल्या सर्व्हरला कीबोर्ड नसतो, आणि भिंतीवर टांगलेल्या छोट्या राउटरला तर डिस्कही नसते. २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या की गोळा करून तपासल्या, तेव्हा टीएलएस, म्हणजे सुरक्षित संकेतस्थळांची पद्धत, वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५ टक्क्यांच्या गुप्त की त्यांना काढता आल्या. त्यांत भरणा अशाच छोट्या उपकरणांचा होता. चालू झाल्या झाल्या, आजूबाजूला काही घडण्याआधीच, त्यांनी की बनवून टाकली होती.

म्हणून नाणं चिपच्या आतच ठेवायचं. कल्पना जुनी आहे. १९५१ च्या फेरांटी मार्क १ या कॉम्प्युटरमध्ये अॅलन ट्युरिंग यांच्या सूचनेवरून विजेच्या खरखरीतून यादृच्छिक बिटं काढणारी सूचना होती. ब्रिटनच्या प्रीमियम बाँडचे, म्हणजे सोडतीत बक्षीस देणाऱ्या सरकारी रोख्यांचे, विजेते निवडायला १९५७ मध्ये एर्नी नावाचं यंत्र आलं, ते निऑन वायूच्या नळ्यांमधल्या खरखरीवर चालायचं. ही खरखर म्हणजे रेडिओ दोन स्टेशनांच्या मध्ये असताना ऐकू येते त्याच जातीची. कुठल्याही तारेत, कुठल्याही रेझिस्टरमध्ये इलेक्ट्रॉन उष्णतेमुळे सतत धडपडत असतात. त्यामुळे दोन टोकांमधला व्होल्टेज किंचित वरखाली होत राहतो, बाहेरून काहीही जोडलेलं नसलं तरी. जॉन्सन यांनी ही खरखर मोजली आणि नायक्विस्ट यांनी तिचं गणित मांडलं. दोघांचेही लेख १९२८ चे. इतर सगळ्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये ही खरखर म्हणजे कटकट, जिला दाबण्यासाठी अभियंते आयुष्य घालवतात. इथे तिलाच आग्रहाने बोलावलं जातं.

इंटेलने १९९९ मध्ये ८१० चिपसेटसोबत दिलेलं यादृच्छिक संख्यांचं जनित्र याच रेझिस्टरच्या खरखरीला मोठं करून वाचत असे. पण खरखर मोठी करणारं सर्किट वीज खातं, आणि ट्रान्झिस्टर लहान होत जातात तसं ते त्यांच्या मापात बसेनासं होतं. म्हणून साध्या डिजिटल भागांतून काम साधण्याचे मार्ग शोधले गेले.

त्यातला एक फार लोकप्रिय आहे. इन्व्हर्टर हा चिपमधला सगळ्यात साधा भाग: शून्य दिलं की एक देतो, एक दिलं की शून्य. असे तीन, पाच किंवा सात, म्हणजे विषम संख्येने, गोल जोडले तर वर्तुळाला स्थिर होताच येत नाही. एक फिरत येतो तो शून्य होऊन, शून्य येतो तो एक होऊन, आणि हे चक्र सेकंदाला कोट्यवधी वेळा चालतं. प्रत्येक फेरीला लागणारा वेळ उष्णतेच्या खरखरीमुळे किंचित पुढेमागे होतो. एका फेरीतला फरक नगण्य, पण हजारो फेऱ्यांनंतर साचत साचत तो एवढा होतो की आत्ता वर्तुळात एक आहे की शून्य हे सांगता येत नाही. नेमक्या त्या वेळी दुसऱ्या, संथ घड्याळाने डोकावून बघायचं. जे दिसेल ते बिट.

दुसरा मार्ग मला अधिक देखणा वाटतो. फक्त दोन इन्व्हर्टर घ्यायचे आणि एकमेकांच्या तोंडी बांधायचे. ही जोडी एरवी चिपमध्ये एक बिट लक्षात ठेवायला वापरतात, कारण ती दोनच अवस्थांत स्वस्थ बसते: एक-शून्य किंवा शून्य-एक. आता जबरदस्तीने दोन्ही बाजू सारख्या करायच्या आणि मग सोडून द्यायचं. जोडी क्षणभर अधांतरी राहते, टोकावर उभ्या केलेल्या पेन्सिलीसारखी. तिला कुठल्या तरी बाजूला पडायचंच असतं, आणि कुठे पडायचं हे इलेक्ट्रॉनांची धडपड ठरवते. मग पुन्हा उभी करायची, पुन्हा सोडायची. २०१२ च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरमध्ये इंटेलने हेच बसवलं आणि ते सेकंदाला सुमारे ३०० कोटी वेळा होतं. प्रोग्रामने आरडीरँड ही सूचना दिली की या नाणेफेकीतून, मधल्या काही पायऱ्या ओलांडून, संख्या हातात पडते.

अर्थात दोन इन्व्हर्टर कधीच हुबेहूब सारखे नसतात. एकाचा ट्रान्झिस्टर काही अणूंनी रुंद निघाला की पेन्सिल एकाच बाजूला पडू लागते. म्हणून इंटेलच्या सर्किटमध्ये तराजूला लावतात तसा पासंग आहे: बिट एका बाजूला पडलं की दुसऱ्या बाजूला किंचित विद्युतभार सरकतो, आणि काटा मध्याजवळ राहतो.

तरीही नाणं थोडं वाकडं राहतंच. वाकड्या नाण्यातून सरळ निकाल काढण्याची एक सुंदर युक्ती फॉन नॉयमन यांच्याच नावावर आहे. समजा नाणं शंभरात साठ वेळा छापा पडणारं आहे. ते दोनदा उडवा. छापा-काटा येण्याची शक्यता ०.६ गुणिले ०.४, म्हणजे ०.२४. काटा-छापा येण्याची शक्यता ०.४ गुणिले ०.६, म्हणजे पुन्हा ०.२४. पहिल्याला शून्य म्हणा, दुसऱ्याला एक, आणि दोन्ही वेळा सारखंच पडलं तर ती जोडी फेकून द्या. नाणं किती वाकडं आहे हे माहीत नसतानाही निकाल अगदी सरळ मिळतो. किंमत एवढीच की ५२ टक्के जोड्या वाया जातात. मात्र एक फेक दुसरीवर अवलंबून नाही हे त्यात गृहीत धरलेलं आहे, आणि चिपमध्ये आधीच्या बिटाची थोडी आठवण पुढच्या बिटात शिल्लक राहते. त्यामुळे आज कच्ची बिटं भरपूर घेऊन हॅश, म्हणजे काहीही दिलं तरी घुसळून ठरावीक लांबीचा आकडा देणारं सूत्र, किंवा एईएस या एन्क्रिप्शनच्या पद्धतीसारख्या यंत्रणेतून पिळून काढतात. इंटेलची रचना २५६ बिटांचे दोन कच्चे गठ्ठे घेऊन त्यांतून २५६ बिटांचा एक पक्का गठ्ठा बनवते.

इथे एक हिशेब मांडावाच लागतो. साठ-चाळीसच्या नाण्याच्या एका फेकीत अनिश्चितता एक बिट नसते. सर्वांत चांगला अंदाज बांधणारा ०.६ वेळा बरोबर येतो, आणि त्यावरून काढलं तर ती सुमारे ०.७४ बिट भरते. अनिश्चिततेच्या या मापाला एंट्रॉपी म्हणतात. अशा २५६ फेकींत १८८ बिटांच्या आसपासच एंट्रॉपी असते. हॅशमधून काढल्यावर निकाल २५६ बिटांचा, अगदी गुळगुळीत दिसेल, पण आतला ऐवज १८८ चाच. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! आणि आड कोरडा पडला तरी पोहरा भरलेलाच दिसतो, कारण हॅश काहीही दिलं तरी देखणंच उत्तर देते.

यामुळेच बाहेर पडणाऱ्या आकड्यांवर चाचण्या चालवून समाधान मानणं मला पटत नाही. एक, दोन, तीन असे सरळ चढते आकडे एखादी की लावून एईएसमधून काढले तर निकाल सगळ्या सांख्यिकी चाचण्या बिनबोभाट पास होतो, आणि ज्याच्याकडे ती की आहे त्याला पुढचा प्रत्येक आकडा आधीच माहीत असतो. चाचणी करायची तर पोहऱ्याची नव्हे, आडाची करायला हवी. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचं ८००-९०बी हे मानक जानेवारी २०१८ मध्ये आलं, ते हेच मागतं: कच्ची बिटं, कुठलीही प्रक्रिया होण्याआधीची, सतत तपासत राहा. तपासण्या अगदी साध्या आहेत. एकच मूल्य ओळीने फार वेळा आलं का, आणि एका खिडकीत एकाच मूल्याचं प्रमाण फार वाढलं का. मर्यादा ठरवणं मात्र नाजूक असतं. ओळीने वीस छापे म्हणजे दहा लाखांत एखादा योग, पण सेकंदाला ३०० कोटी नाणी उडत असतील तर तो योग दर सेकंदाला हजारो वेळा येणारच. तेवढ्यावर धोक्याची घंटा वाजवली तर निरोगी नाणंही आजारी ठरेल.

आड कोरडा पडल्यावर काय होतं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण तैवानचं आहे. तिथल्या नागरिकांच्या डिजिटल ओळखपत्रातली चिप आतल्या हार्डवेअर जनित्राच्या आधारे आरएसए या एन्क्रिप्शनच्या पद्धतीची स्वतःची की तयार करायची. चिपला सुरक्षेची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रं मिळालेली होती. आरएसएची सार्वजनिक की, म्हणजे सगळ्यांना उघड दिलेला भाग, हा दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार. तो गुणाकार फोडणं अशक्यप्राय, पण दोन कार्डांनी चुकून एकच मूळ संख्या निवडली असेल तर त्यांचा मसावि काढला की ती उघडी पडते, आणि मसावि काढायची रीत युक्लिडच्या काळापासून माहीत आहे. २०१३ मध्ये संशोधकांनी वीस लाखांहून अधिक की तपासून १८४ फोडून दाखवल्या. त्यातली एक मूळ संख्या तर ४६ वेळा आली होती. ती द्विमानात लिहिली की काय झालं ते स्वच्छ दिसतं: सुरुवातीला दोन एक, मग शून्यच शून्य, आणि शेवटी थोडी गडबड. जनित्राने सगळी शून्यं दिली. संख्या पुरेशी मोठी व्हावी म्हणून सॉफ्टवेअरने नियमाप्रमाणे वरचे दोन बिट एक केले आणि तिथून पुढची पहिली मूळ संख्या शोधून काढली. प्रत्येक पायरीने आपलं काम चोख केलं, फक्त नाणं उडालंच नव्हतं.

२०१९ मध्ये एएमडीच्या रायझन ३००० मालिकेतल्या प्रोसेसरांवर उलटं घडलं. आरडीरँड दर वेळी सगळे एकच देत होतं, आणि वर ‘काम यशस्वी’ असा झेंडाही दाखवत होतं. काही लिनक्स यंत्रं त्यामुळे सुरूच होईनात. फर्मवेअर, म्हणजे यंत्रातच बसवलेलं सॉफ्टवेअर, बदलून दोष दूर झाला. यंत्रं सुरू झाली नाहीत ते बरंच झालं, कारण निदान कळलं तरी.

मुद्दाम केलेला बिघाड याहून अवघड. केंब्रिजच्या मार्केटॉस आणि मूर यांनी २००९ मध्ये दाखवलं की फिरत्या वर्तुळांच्या जनित्राला वीजपुरवठ्यातून ठरावीक ठेका दिला की वर्तुळं त्या ठेक्यात अडकतात आणि थरथर नाहीशी होते. एका सुरक्षित मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे एकाच चिपवरच्या छोट्या कॉम्प्युटरच्या, २ च्या ६४ व्या घाताइतक्या शक्यता त्यांनी ३,३०० वर आणल्या. चिपला हात न लावता, नुसत्या विजेच्या तारेतून! आणि २०१३ मध्ये गेऑर्ग बेकर आणि सहकाऱ्यांनी कागदावर एक हल्ला मांडला. आयव्ही ब्रिजसारख्या जनित्रातल्या काही ट्रान्झिस्टरांची फक्त डोपिंग बदलायची, म्हणजे सिलिकॉनमध्ये मिसळलेली द्रव्यं. तारा त्याच, रचना तीच, सूक्ष्मदर्शकाखालीही फरक दिसणं कठीण. माहीतगाराला अनिश्चितता ३२ बिटांची, बाकी सगळ्यांना आणि चिपच्या स्वतःच्या तपासणीलाही सगळं आलबेल. अशी चिप कुणी बनवल्याचा पुरावा नाही. पण त्याच वर्षी स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांमुळे ड्युअल ईसी या जनित्राच्या मानकात एनएसए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेने चोरदरवाजा ठेवल्याचा जुना संशय बळावला होता, आणि एनआयएसटीने २०१४ मध्ये ते काढून टाकलं. चिपवर डोळे मिटून विसंबायला लोक कचरू लागले ते उगाच नाही.

यावरचा उपाय साधा आहे आणि गणिताने पक्का आहे: एकावर विसंबायचंच नाही. दोन नाणी उडवा. दोन्ही सारखी पडली तर शून्य, वेगळी पडली तर एक. समजा पहिलं नाणं पूर्णपणे शत्रूच्या ताब्यात आहे. दुसरं एकटं जरी प्रामाणिक असेल तरी निकाल शत्रूला कळत नाही. अट एकच, पहिल्याला दुसऱ्याचा निकाल बघून आपला ठरवता येता कामा नये. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम चिपमधली बिटं, घटनांच्या वेळा, मागच्या वेळी डिस्कवर जपून ठेवलेलं सीड असं मिळेल ते सगळं एका हॅशमध्ये ओतते. फ्रीबीएसडीने २०१३ मध्ये चिपचं आउटपुट थेट वापरणं सोडून ते साठ्यात मिसळायला घेतलं. लिनक्सचा साठा २०२२ पासून ब्लेक२एस या हॅशने ढवळला जातो आणि त्यातून चाचा२० ही पद्धत हवे तेवढे आकडे काढते. लाव्हा दिव्यांच्या भिंतीसमोर कॅमेरा लावून मिळवलेली अनिश्चितता क्लाउडफ्लेअर ही कंपनी अशीच मिसळते. दिवे सुरेख दिसतात, पण ते साठ्यातला एक वाटेकरी आहेत, एवढंच. क्वांटम जनित्रांबद्दलही मी हेच म्हणेन. फोटॉनची अनिश्चितता निसर्गातच मुरलेली आहे हे खरं, पण तो फोटॉन वाचणारं इलेक्ट्रॉनिक्स इतरांसारखंच वाकडं होतं, गरम होतं, बिघडतं.

एक गैरसमज फार दिवस टिकला: यादृच्छिकता वापरली की संपते. त्यापायी लिनक्सवर कित्येक प्रोग्राम ‘साठा भरेपर्यंत’ ताटकळत बसायचे. खऱ्या अनिश्चिततेची २५६ बिटं एकदा जमली की चांगली पद्धत त्यांवर व्यवहारात न संपणारी रांग काढू शकते, आणि ती ओळखणं म्हणजे मूळ २५६ बिटं ओळखण्याइतकंच कठीण. २०२० च्या ५.६ आवृत्तीपासून लिनक्सने हे ताटकळणं एका क्षणापुरतं ठेवलं आहे, यंत्र चालू झाल्यावर साठा पहिल्यांदा भरेपर्यंत.

तो क्षण पुन्हा उगवतो अशी एक जागा आहे. सर्व्हरच्या जगात आभासी यंत्राची, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या कॉम्प्युटरची, जशीच्या तशी प्रत काढून एकाची दोन करतात. दोघांच्या मेमरीत तोच साठा, तीच २५६ बिटं, आणि दोघंही पुढची की काढायला निघालेले. काहीच केलं नाही तर दोघांची की एकच निघेल. यासाठी २०२२ मध्ये लिनक्समध्ये एक व्यवस्था आली. प्रत जागी होताना खालचं व्यवस्थापक सॉफ्टवेअर तिला ‘तू प्रत आहेस’ अशी खूण देतं. खूण प्रत्येक प्रतीची वेगळी असते, म्हणून साठ्यात मिसळली की दोन साठे वेगळे होतात. पण ती गुप्त असेल असं धरून चालता येत नाही. त्यामुळे कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रोसेसरकडूनही ताजी बिटं मागतो. प्रोसेसरमध्ये एकमेकांच्या तोंडी बांधलेले ते दोन इन्व्हर्टर पुन्हा सारखे केले जातात, सोडले जातात, आणि दोन यंत्रांच्या वाटा तिथून फुटतात.